दायांचा वर्ग

पहिला गोळा भाजीबाजारात पडला तेव्हा इशराका, पोरींची उस्ताझा म्हणजे बाई, लॅपटॉपवर ऑनलाइन वर्ग उघडत होती. जमिनीने खालून ठोसा मारल्यासारखं झालं. मांडवाच्या चटयांतून धूळ गळली. समोरच्या रस्त्याने एक माणूस आपलाच तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून, कुणाचं राहिलेलं सामान पोचवायला निघाल्यासारखा, भराभर चालत गेला. थोडं पुढे जाऊन तो बसला, मग आडवा झाला. बाजाराकडून दोघे धावत आले आणि त्याला चादरीत घालून घेऊन गेले. त्याची चप्पल तेवढी रस्त्यात राहिली.

इशराकाने हेडफोन कानांवर दाबून बसवले.

"आवाज येतोय का ग पोरींनो?"

"येतोय, उस्ताझा. पण ते धाडकन् काय झालं?"

"काही नाही. बशराकाकांनी ढेकर दिली."

पोरी हसल्या. बशराकाका हसले नाहीत. मांडवाच्या कडेला बाजेवर बसून ते आभाळाकडे बघत होते. पूर्वी हे त्यांचं रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आता सुदानातल्या ह्या सगळ्या ओम्दुर्मान शहरात रिक्षा उरल्या होत्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि काकांचा धंदा होता तो भिंतीआड फळांच्या खोक्यावर ठेवलेल्या सॅटेलाइटच्या डिशचा. मोबाइलचे मनोरे केव्हाच मुके झाले होते. परदेशातल्या लेकाशी बोलायचं, मेलेल्याची खबर द्यायची, जिवंत असल्याची खबर द्यायची, तर माणसं काकांच्या मांडवाखाली येऊन बसत. आज गोळ्यांमुळे कुणी आलं नव्हतं. एकटी इशराका होती.

"उस्ताझा, माझी डिश उन्हात चमकते," काका म्हणाले. "वरून विमान घिरट्या घालतंय. त्याला ती दिसली तर तुझा वर्ग थेट जन्नतमध्ये भरेल."

"तिथे नेट चांगलं असेल, काका."

"जिभेला हाड नाही तुझ्या. आवर लवकर."

वर्ग म्हणजे बहरीतल्या मुलींच्या शाळेचा शेवटचा वर्ग. शाळा नदीपलीकडे होती आणि जळाली होती. पोरी मात्र सुपातून दाणे उधळावेत तशा उधळल्या होत्या. कुणी कसालाला, कुणी अतबाराला, कुणी जुबात, कुणी कैरोत मामाच्या घरी. शाळान्त परीक्षा होणार की नाही ते सरकारलाच ठाऊक नव्हतं. तरी इशराका जीवशास्त्र शिकवत होती, कारण ते थांबवलं तर तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

सुरुवातीला तिने वर्ग नियमाने मांडला होता. येणारीचा माइक आपोआप बंद, बाईंनी उघडला तरच बोलायचं. पोरी येत आणि गप्प चौकोन होऊन बसत. मग कसालाच्या एकीला रडूच फुटलं. "उस्ताझा, मयताच्या घरी आल्यासारखं वाटतं. घरात शिरलं नि सलाम नाही, आई कशी बाप कसा नाही. असं कोण येतं? चोर येतो." ते इशराकालाही पटलं. आपल्यात उंबरा ओलांडणारा माणूस आधी दाराशी थांबून घरातल्या पोराटोरापासून गाईगुरापर्यंत सगळ्यांची विचारपूस करतो. पाणीसुद्धा त्यानंतर पितो. तेव्हा तिने वर्गाची ती खीळ काढून टाकली. आता जी येई तिच्या येण्याची घंटा सगळ्यांच्या फोनवर वाजे, तिचा माइक उघडाच असे, आणि ती आत येताच ओसंडून सलाम करी. वेळ जायचा. पण पोरींचे आवाज ऐकले की वर्ग नांदता वाटायचा.

वर्गाची दुसरी चावी तिने मवाहिबला दिली होती. मवाहिब कैरोत होती, तिथे वीज बरी. इशराकाची बॅटरी मध्येच मेली तर वर्ग मोडू नये, मवाहिबने तो सांभाळावा, अशी ती सोय. आज मवाहिब सुरुवातीला आली, सलाम केला, आणि "उस्ताझा, मामीने बोलावलंय, आलेच," म्हणून गेली ती गेलीच.

पडद्यावर आजचं चित्र होतं. गर्भाशय, त्यात गुडघे पोटाशी घेतलेलं मूल, वार आणि नाळ.

"तसाबीह, तू सांग. वारेचं काम काय?"

तसाबीह एकटीच अजून बहरीत होती. नदीच्या अगदी पलीकडे. सरळ रेघ काढली तर इशराकापासून सगळ्यांत जवळ तीच, आणि पूल तुटल्यामुळे सगळ्यांत लांबही तीच. बाप गेला होता, आई सित्तना घर सोडायला तयार नव्हती. शेजारच्या सआदामावशीने गच्चीवर कपड्यांच्या टबाखाली डिश लपवली होती. तिचं नेट भिंत ओलांडून सित्तनाच्या उघड्या अंगणात यायचं, पण घराच्या आत फक्त गल्लीकडच्या जाळीच्या खिडकीपर्यंत पोचायचं. म्हणून तसाबीह फोन कापडी पिशवीत घालून त्या जाळीला टांगायची, आवाज शेवटपर्यंत वाढवायची, आणि खाली आईच्या तव्याशेजारी बसून शिकायची. हे सगळं इशराकाने मागच्या महिन्यात मावशीशी फोनवर डोकेफोड करून जमवून दिलेलं.

"वार म्हणजे, उस्ताझा, आईच्या रक्तातलं अन्न बाळाला देते," तसाबीहचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा आला. "पण आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही."

"शाब्बास. का नाही मिसळत?"

"कारण मधे पडदा—"

मग लाकूड फुटल्याचा आवाज आला.

इशराकाला वाटलं, बाजारात. तिने मान वर केली. काका तसेच बसलेले. म्हणजे आवाज हेडफोनमधला. पुन्हा तोच आवाज. दार. कुणी तरी दाराला लाथा घालत होतं. सित्तनाचा दबका आवाज, "पळ," आणि अनवाणी पायांची धावपळ, मग कोंबड्यांचा कलकलाट, आणि मग दार पडल्याचा मोठा आवाज.

"सलाम नाही का करत, ए बाई? पाहुणे आलेत."

आवाज घोगरा होता. मागोमाग बुटांचे आवाज, एक भांडं घरंगळत गेल्याचा.

"घरात कोण कोण आहे?"

"मी एकटी," सित्तना म्हणाली.

"नवरा?"

"मेला."

"पोरं? पोरी?"

"सगळ्या शेंदी गावाला पाठवल्या. मी एकटीच आहे रे बाबा."

इशराकाची नजर पडद्यावरच्या चौकोनांवरून फिरली. जाळीत पिशवी, पिशवीत फोन, फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला, आणि ह्या वर्गात निदान डझनभर पोरी, एकेकीचा माइक उघडा. आत्ता ह्यातली एक जरी "तसाबीह!" म्हणून किंचाळली, तर ते किंचाळणं त्या बुटांच्या डोक्यावर वाजणार होतं. एकटी बाई राहते त्या घरात पोरींचे आवाज कुठून आले? मग ते पोरगी शोधतील. कुठे पळाली असेल ती? अंगण केवढं, घर केवढं! शोधायचं ठरवलं तर सापडायला वेळ लागत नाही.

तिने सगळ्यांचे माइक एका झटक्यात बंद केले. स्वतःचाही. तसाबीहचा तेवढा उघडा ठेवला. तो बंद केला असता तर पोरींच्या कानांवर हे पडलं नसतं. पण मग त्या घरात काय चाललंय ते कुणालाच कळलं नसतं, आणि इथून बंद केलेला माइक इथून परत उघडता येत नाही. तसाबीहला वर्गातून बाहेर काढावं? एकदा चुकून काढलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, फोन बदकासारखा ओरडला. नको. मग तिने पोरींनी स्वतःहून माइक उघडायची वाट बंद केली. घंटा बंद केली. लेखी निरोपांचा आवाज बंद केला. एकेक खूण दोनदा दाबावी लागत होती. निरोपाच्या खिडकीत तिने लिहिलं: *कोणी बोलू नका. कोणी बाहेर जाऊ नका. बाहेर गेलात तर परत येऊ नका.*

खाली कुणीतरी लिहिलं: *उस्ताझा, ती मरेल का?*

तिने हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबले.

हेडफोनमध्ये चापट वाजली. मग चापट नव्हे, काहीतरी जड. सित्तनाच्या तोंडून "आह" असा एकच बारीक आवाज निघाला, सुई टोचल्यासारखा.

"सोनं?"

"विकलं. पहिल्याच वर्षी विकलं."

"फोन?"

"नाही रे घरात फोन. कुणाला करू मी फोन?"

पुन्हा ते जड. या वेळी त्याच्याबरोबर काहीतरी मोडलं. दात असेल, नाही तर बोट. इशराकाने आपल्या तळहाताचा चावा घेतला. तिच्या नवऱ्याला असंच दारात मारलं होतं, शाळा जळाली त्याच आठवड्यात. तेव्हा ती पलंगाखाली होती आणि तिने डोळे मिटले होते. डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत.

आता एकच राहिलं होतं. वर्गाच्या दाराला कुलूप. कुलूप लावलं की बाहेरून कुणी येऊ शकणार नाही. तिचं बोट तिथे गेलं आणि तिथेच थांबलं. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल झाली होती. कुलूप लावून आपणच विझलो तर? आपल्याला परत आत येता येणार नाही. आणि मग ह्या पोरींवर कुणाचाच हात नाही, एखादीला माइक उघडायची वाट सापडली की संपलं.

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला.

"काका, बॅटरी! माझी चाललीय."

"बरंच झालं. उठ. मी डिश काढतोय. ऐक, ते विमान परत आलं."

"काका, नको. पाया पडते. पलीकडे माझी पोरगी आहे, घरात बंदूकवाले शिरलेत, मला सगळं ऐकू येतंय. मी विझले तर ती गेली."

"कुठे, बहरीत?" काकांनी नदीच्या दिशेला पाहिलं, जणू घरांवरून ते दिसणार होतं. मग ते उठले. कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्यांची स्वतःची रिक्षा उभी होती, ती ते कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी तिची सीट उपटली आणि बॅटरीच्या तारा दातांनी सोलायला लागले.

तेवढ्यात दुसरा गोळा पडला. ह्या वेळी जवळ, मशिदीमागे. मांडवाचा एक खांब वाकला, पत्र्याचा तुकडा शीळ घालत आला आणि काकांच्या बाजेत घुसला, ते नुकते जिथे बसले होते तिथेच. इशराका लॅपटॉपवर पालथी पडली. तिच्या मानेवरून गरम काही ओघळलं. काका शिव्या घालत, खोकत, रांगत आले आणि तारा जोडल्या. लाल खूण हिरवी झाली.

तिने मान वर केली. पडद्यावर एक नवा चौकोन आला होता.

मवाहिब.

घंटा वाजली नाही, कारण घंटा बंद होती. पण चावीवालीला माइकची बंदी लागू नसते. इशराकाने स्वतःच तिला ती चावी दिली होती, आणि ह्या सगळ्या धांदलीत ती परत घ्यायचं तिला सुचलं नव्हतं. मवाहिबने कुणाचे निरोप वाचले नव्हते. ती मामीच्या हाताखालून सुटून, धापा टाकत, भरल्या घरात शिरावं तशी वर्गात शिरली.

"सलाम अलैकुम, उस्ताझा! सलाम ग पोरींनो! कशा आहात सगळ्या? घरचे कसे आहेत? आई कशी आहे? सगळं बरं आहे ना, ठीक आहे ना सगळं?"

हेडफोनमध्ये तो सलाम दोनदा ऐकू आला. एकदा मवाहिबच्या तोंडून, आणि क्षणभराने बहरीतल्या त्या खोलीतून, जाळीखालून, मोठ्याने, खणखणीत.

खोली गप्प झाली.

"कोण बोललं ते?" घोगरा म्हणाला.

मग तो ओरडला.

"कोण बोललं?"

बुटांचे आवाज खिडकीकडे यायला लागले.

इशराकाने वर्गातले चौकोन पाहिले. प्रत्येकाखाली नाव. त्या फोनवर हीच नावं दिसणार. आणि त्या फोनचं स्वतःचं नाव सगळ्यांत वर: *तसाबीह*. कुलूप, माइक, घंटा, सगळं मागे पडलं. चौकोनावर बोट ठेवून तिने नाव बदलायची जागा उघडली. एक अक्षर चुकलं. पुसलं. पिशवी खसखसली, जाळी खणकन् वाजली. तिने लिहिलं: *सित्तना*. आणि दाबलं.

"हे बघ," दुसरा, तरुण आवाज म्हणाला. "मीटिंग चालू आहे. बाया आहेत."

इशराकाने आपला माइक उघडला. वर्गापुढे बोलायला लागलं की तिचा आवाज आपोआप जागेवर येई, तसा आत्ताही आला.

"सित्तना, तुझा आवाज येत नाहीये ग. आपण वारेवर होतो. बाळ झाल्यावर वार अडकली तर दाईने काय करायचं?"

"तू कोण?" घोगरा थेट तिच्या कानात बोलला. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी उस्ताझा. दायांचा वर्ग घेते. दवाखाने बंद पडलेत, बाया घरीच बाळंत होतात. तुम्ही कोण? सित्तनाचे भाऊ का?"

"दायांचा वर्ग," तो म्हणाला. "आणि 'पोरींनो' कुणाला म्हणाली ती मघाची?"

"एकमेकींना तसंच म्हणतात त्या. नातवंडं झाली तरी पोरीच."

"ती कोण? तिला बोलू दे."

मवाहिबचा माइक उघडा होता. एवढ्या वेळात तिला कळलं असावं, कारण तिच्या चौकोनातून फक्त दात वाजल्यासारखा आवाज येत होता. बोल ग, इशराका मनात म्हणाली. माझी बाई, बोल.

"मी," मवाहिब म्हणाली. "मी कैरोतली दाई. मला... पाच मुलं आहेत."

तरुण आवाज हसला. "पाच पोरांच्या आईचा आवाज नव्हे हा."

"तिला चिडवू नका," इशराका म्हणाली. "त्या आवाजापायीच नवऱ्याने केली तिला."

आता घोगराही हसला. हसू संपलं तरी त्याने फोन सोडला नाही. पडद्यावर नाळेचं चित्र होतं, गुडघे पोटाशी घेतलेलं मूल होतं. तो ते बघत असावा. मग त्याने एकेक अक्षर जोडत, लहान पोर वाचतं तसं, मोठ्याने वाचलं.

"सित्... तना. ही कोण?"

"मी," दुरून सित्तनाचा आवाज आला. तोंडात रक्त असल्यावर येतो तसा जाड. "मीच. माझंच नाव ते."

"म्हणजे फोन तुझा."

"माझाच."

"आणि मघाशी म्हणालीस, घरात फोन नाही."

मघाशी एका खोट्याने सित्तनाने पोरगी झाकली होती. ती तशीच झाकलेली ठेवायची तर दुसरं खोटं कबूल करणं भाग होतं, आणि ते तिने केलं होतं.

"माझ्या तोंडावर खोटं बोलते," घोगरा म्हणाला. रागाने नव्हे. दुकानदाराने माप कमी भरल्यावर गिऱ्हाईक बोलतं तसा.

गोळी हेडफोनमध्ये फुटली. आवाज इतका मोठा की यंत्राला तो पेलला नाही, नुसती चरचर आली. मग शांतता. मग, थोड्या वेळाने, तीच गोळी दुसऱ्यांदा आली, उघड्या कानाला, नदीवरून, घरांवरून, बारीक होऊन, जणू कुणी लांब फळीला खिळा ठोकला.

इशराकाने तोंडावर हात दाबून धरला. माइक उघडा होता. ती ओरडली असती तर ते त्याच्या हातात ऐकू गेलं असतं.

"उस्ताझा," घोगरा फोनमध्ये म्हणाला, "तुझी एक दाई कमी झाली."

आणि फोन खिशात गेला. आता सगळं गोधडीआडून ऐकू येत होतं. कपाटं उघडल्याचं, काचा फुटल्याचं, गहू का काही सांडल्याचं. कोंबड्यांचा पुन्हा एकदा कलकलाट. बूट बाहेर पडले. गल्लीत मोटारीचं इंजिन चालू होतं.

"मागे बघितलंस?" घोगरा.

"बघितलं. खुराडं आहे. कोंबड्या फक्त." तरुण. मग थोडा थांबून, "बाईला मारायला नको होतं."

"तू शिकव मला. सिलिंडर आणि पलंग राहिलेत. दिवस मावळायच्या आत मोठी गाडी घेऊन येऊ."

इंजिन गुरगुरलं. सआदामावशीच्या नेटचा पदर सुटला. वर्गातला *सित्तना* लिहिलेला चौकोन गोठला, काळा झाला आणि गळून पडला. उरलेले चौकोन सरकले आणि त्याची जागा भरून निघाली.

निरोपाच्या खिडकीत अक्षरं पावसासारखी कोसळत होती. इशराकाने ती वाचली नाहीत. त्यातलं एक मात्र पुन्हा पुन्हा येत होतं, कैरोहून: *माझ्यामुळे ना? उस्ताझा, माझ्यामुळे ना?*

तिने फोन काढला आणि काकांच्या नेटवरूनच सआदामावशीला लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"ऐकलं ग," मावशी कुजबुजली. "भिंतीला कान लावून बसलेय. सगळं ऐकलं. माझे पाय उचलत नाहीत."

"मावशी, ते परत येणार आहेत. दिवस मावळायच्या आत. मोठी गाडी आणतायत. पोरगी तिथेच आहे."

"कुठे आहे? पोरगी असती तर त्यांनी सोडली असती का?"

"खुराड्यात बघा. आत, मागे. सित्तनाने काहीतरी करून ठेवलं असणार."

"मला भिंतीवर चढता येतं का ग ह्या वयात?"

"मावशी."

पलीकडे बाज ओढत नेल्याचा आवाज, मग कण्हणं, मग विटांवर कपडा घासल्याचा. मावशीने फोन कमरेला खोचला असावा; आता इशराकाला ऐकू येत होतं ते तिच्या लुगड्यातून. धप्प. "अल्ला रे अल्ला." पावलं. पावलं थांबली. बराच वेळ थांबली. इशराकाला कळलं, मावशी सित्तनापाशी उभी आहे. मग पावलं पुन्हा निघाली, कोंबड्या बोलल्या, एक फळी सरकली, दुसरी सरकली.

"ये बाळा. मी आहे. मी, सआदामावशी. ये, सोड ती फळी. हात दे."

बशराकाका मघापासून इशराकाच्या मानेवर आपला फेटा दाबून उभे होते. आभाळात ते विमान परत घरघरायला लागलं होतं. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा डिशकडे, आणि दाबलेला हात काढला नाही.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

फोनमध्ये पिसं झटकल्यासारखा आवाज झाला, आणि मग तसाबीह. तोच आवाज, पण आता दुरून नाही, अगदी कानाशी.

"उस्ताझा, आई उठत नाहीये."

"हो बाळा."

"मी ऐकत होते आतून. तो तिला सोडत होता. तिचं ऐकत होता तो. मग फोनमधून कुणीतरी बोललं." श्वास अडखळला. "कोण बोललं, उस्ताझा?"

लॅपटॉपवर मवाहिबचा चौकोन होता. तिचा माइक अजून उघडा होता, आणि तिच्या हुंदक्याआडून कैरोतल्या त्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता, मामी काहीतरी विचारत होती. सतरा वर्षांची पोर. इशराकाने मवाहिबचा माइक बंद केला. चावी काढून घेतली. मग फोन तोंडाजवळ धरला.

"मी," ती म्हणाली. "मी बोलले."

"तुम्ही?"

"मला कळलं नाही तुझ्या घरी काय चाललंय ते. मी बोलले."

मावशी मागून "चल ग, चल," म्हणत होती. मग ती पोरगी, जी वर्गात हात वर केल्याशिवाय कधी बोलली नव्हती, दात आवळून म्हणाली, "तुमचं वाटोळं होवो. तुमच्या घरात कुणी दिवा लावायला उरू नये."

"हो," इशराका म्हणाली. "आता मावशीचा हात धर, आणि भिंतीवर चढ."